अडनिड्या वयाला साजेसं जहाज

सईचा दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मंदारनं तिला विचारलं, "बोल, कुठं जायचं?" ती म्हणाली, "कुठंही चालेल बाबा. फक्त तिथं तुम्ही दोघं सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्यासोबत नको." चिडून नाही, रुसून नाही, भूक लागली असं सांगावं तसं सरळ म्हणाली. मला मात्र त्या रात्री लवकर झोप लागली नाही. आदल्या मे महिन्यात आम्ही हिमाचलला गेलो होतो. आठ दिवस एकच गाडी, एकच खोली. सई कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत होती आणि ओजस दर अर्ध्या तासानं "अजून किती राहिलं?" विचारत होता. पाच वर्षांपूर्वी हीच मुलं सहलीत माझा पदर सोडत नव्हती.

तेरा आणि सोळा, दोन्ही अडनिडी वयं. लहान मुलांच्या घसरगुंडीवर पाय आखडून बसावं लागतं, आणि मोठ्यांच्या गप्पांत कुणी बसू देत नाही. परक्या शहरात सोळा वर्षांच्या मुलीला "जा, फिरून ये" म्हणायची माझी छाती होत नाही. आणि हॉटेलच्या खोलीतच बसवून ठेवायचं तर एवढा खर्च करून जायचं कशाला? जहाजाचा विचार मनात आला तो इथून. जहाज म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेलं गाव. मुलं कितीही लांब गेली तरी वेशीच्या आतच.

त्यात ताईचा पार्थ आमच्याबरोबर येणार हे ठरलेलं होतं. तो कोल्हापूरला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, वय सतरा. तीन मुलं, तीन वयं, आणि तिघांना आवडेल असं एक जहाज. जून ते सप्टेंबर २०२३ असे चार महिने मी या शोधात घातले. त्यातला पहिला महिना वाया गेला असं म्हटलं तरी चालेल, कारण हॉटेल बघतात तशी मी जहाजं बघत होते: तलाव केवढा, जेवणात काय, खोलीला गॅलरी आहे का.

मी नाशिकला एका सहकारी बँकेत आहे. आकडे मांडल्याशिवाय मला काही कळत नाही. म्हणून जुन्या रजिस्टरचं कोरं पान घेतलं आणि रकाने पाडले. जहाजांच्या माहितीत 'ग्रॉस टनेज' नावाचा एक आकडा असतो. मला वाटलं, हे वजन. ते वजन नाही. जहाजाच्या आतली सगळी बंदिस्त जागा किती, याचं ते माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं की माणशी जागा किती येते याचा अंदाज येतो. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' १९९० साली बांधलेलं, साधारण ४८,५०० टनेजचं आणि एका केबिनमध्ये दोन माणसं धरली तर सोळाशे प्रवाशांचं. भागाकार तीसच्या आसपास. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुंबई, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करायला 'कोस्टा सेरेना' येणार होतं. सुमारे १,१४,००० टनेज, तीन हजार माणसं, म्हणजे अडतीस. सिंगापूरहून निघणारी दोन होती. रॉयल कॅरिबियनचं 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज', १,६९,००० टनेज आणि ४,२४६ प्रवासी, म्हणजे चाळीस. आणि 'गेंटिंग ड्रीम', दीड लाख टनेज, ३,३५२ प्रवासी, पंचेचाळीस.

कागदावर गेंटिंग ड्रीम जिंकलं. पण हा भागाकार केबिनमागे दोनच माणसं धरून केलेला असतो. सुट्टीच्या दिवसांत भिंतीतून खाली ओढायचे तिसरे-चौथे पलंगही भरतात. स्पेक्ट्रमवर तेव्हा साडेपाच हजारांवर माणसं मावतात आणि चाळीसाचे तीस होतात. मुलांना घेऊन जाणारा माणूस सुट्टीतच जातो, म्हणजे त्याच्या वाट्याला हा दुसराच आकडा येतो. आणि जागा भरपूर असली तरी सोळा वर्षांच्या मुलीला त्या जागेत कुणी भेटणार आहे का, हे त्या भागाकारात कुठंच नव्हतं.

ते मला मीनलनं सांगितलं. मीनल माझी चुलत बहीण, न्यू जर्सीत असते. तिच्या घरापासून बेयॉनचं बंदर जवळ, तिथून जहाजं सुटतात. दोन मुलांना घेऊन ती चार वेळा जाऊन आलेली. मी तिला माझं पान व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "अगं, जहाज नंतर बघ. आधी तारीख बघ." तिच्या मुलांनी एकाच जहाजावरून दोनदा प्रवास केला होता. पहिल्यांदा एप्रिलच्या सुट्टीत, तेव्हा मुलं चारही दिवस आईबापाला जेवणापुरती दिसली. दुसऱ्यांदा तिकीट स्वस्त म्हणून सप्टेंबरात शाळा बुडवून. तेव्हा मुलांच्या क्लबात, म्हणजे जहाजावर त्यांच्यासाठीच राखलेल्या जागेत, सगळी मिळून सहा जणं. "तेच जहाज, तीच खोली, तोच बर्गर. पण मुलं दुसऱ्या दिवसापासून केबिनमध्ये लोळत पडली. या वयाला खेळ नाही लागत गं, माणसं लागतात. त्यांच्या वयाची."

हे इतकं साधं होतं, आणि माझ्या पानावर त्यासाठी एकही रकाना नव्हता. मग मी जहाजं बाजूला ठेवून सुट्ट्या बघायला बसले. सिंगापूरच्या शाळांचं वर्ष नोव्हेंबरात संपतं आणि डिसेंबरअखेरपर्यंत सुट्टी असते. ऑस्ट्रेलियात तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी. आपल्याकडच्या केंद्रीय बोर्डांच्या शाळांना नाताळची सुट्टी. म्हणजे सिंगापूरहून डिसेंबरच्या उत्तरार्धात निघणाऱ्या जहाजावर पोरांची जत्रा असणार. तिकीट महाग, ते का महाग हेही यातच आलं. मी आधी फेब्रुवारीतला स्वस्त दर बघून खूश झाले होते. तो दर त्या पोरांविना होता.

हवामानाचाही कौल डिसेंबरकडेच गेला. सिंगापूरहून जहाजं जातात ती मलेशियातलं पिनांग आणि थायलंडमधलं फुकेत हे दोन्ही मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या आणि अंदमान समुद्राच्या बाजूला. डिसेंबरात ईशान्य मोसमी वारे मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याला झोडपतात, पश्चिमेकडं समुद्र शांत असतो. मे ते ऑक्टोबर या काळात फुकेतकडं उलटं. ओजसला कसारा घाटातसुद्धा मळमळतं, त्यामुळे हे मी नीट वाचून घेतलं.

आता वयाचा प्रश्न. जहाजावरच्या मुलांच्या क्लबांत वयाप्रमाणे गट असतात, आणि हे गट प्रत्येक कंपनीचे वेगळे. कार्निव्हलकडं बारा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे दोन गट. एमएससीकडंही तसेच दोन. नॉर्वेजियनकडं तेरा ते सतरा सगळे एकत्र. डिस्नेकडं अकरा ते चौदा आणि चौदा ते सतरा, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलानं कुठं जायचं ते त्यानंच ठरवायचं. मला हे डिस्नेचं फार समजूतदारपणाचं वाटतं. चौदा वर्षांचा एक मुलगा अजून पोर असतो आणि दुसऱ्याला मिसरूड फुटलेली असते; ज्याचं त्याला माहीत. सगळीकडं एक गोष्ट मात्र सारखी: अठरा पूर्ण झाली की दार बंद. प्रवास सुरू होतो त्या दिवशीचं वय धरतात, त्यात कुणी सूट देत नाही.

पार्थचा वाढदिवस नऊ जानेवारीला. नऊ जानेवारी २०२४ पासून तो अठराचा, म्हणजे क्लबच्या बाहेर. सिंगापूरहून जाणाऱ्या जहाजावर अठरा म्हणजे दारूच्या वयातही बसतो. ताईचा मुलगा माझ्या जबाबदारीवर येणार, आणि त्याला बरोबरीच्या मुलांच्या खोलीत प्रवेश नाही, बारमध्ये आहे, हे मला नको होतं. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर दारूचं वय एकवीस. तिथं अठरा ते वीसची मुलं पुरती अधांतरी लोंबकळतात, असं मीनल म्हणाली. पार्थची पॉलिटेक्निकची हिवाळी परीक्षा डिसेंबरच्या मध्याला संपत होती. ओजसची शाळा तेवीसला सुटत होती. सईचं अकरावीचं कॉलेज चार दिवस बुडलं तर आभाळ कोसळणार नव्हतं. तारीख आपोआप ठरली: नाताळ ते नऊ जानेवारीच्या मधली. त्या तारखांत पिनांग आणि फुकेत करणारी चार रात्रींची फेरी शोधायची, एवढंच उरलं.

इथं एक घोटाळा झाला, तो सांगायला हवा. आमच्या ओळखीतल्या एका एजंटनं स्पेक्ट्रमचं म्हणून एक छान रंगीत पत्रक पाठवलं. त्यात डेकवर वळसे घेत उतरणाऱ्या दोन उंच घसरगुंड्या होत्या. ओजस ते चित्र बघून नाचला. मी आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होते. सई संध्याकाळी कॉलेजहून आली, तिनं ते पत्रक पाहिलं आणि जहाजाचा डेक प्लॅन उघडून बसली. डेक प्लॅन म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा. तो तिनं छापून आणला, कागद चिकटपट्टीनं जोडले आणि जेवणाच्या टेबलावर अंथरले. टेबल पुरलं नाही, शेवटचे दोन डेक खुर्चीच्या पाठीवरून लोंबत होते. तिनं वरचे तीन डेक बोट फिरवत पाहिले, मग पुन्हा पाहिले. "आई, घसरगुंडी नाहीये. हा फोटो यांच्याच दुसऱ्या जहाजाचा आहे."

तिचं बरोबर होतं. एका कंपनीची सगळी जहाजं सारखी नसतात. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर असतं आणि त्यावरच्या सोयीही वेगळ्या. मी एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, कंपनी तीच आहे ना." त्याला वाईट हेतू नव्हता, पण तेरा वर्षांच्या मुलाला जहाजावर चढल्यावर हे कळलं असतं तर चार दिवस त्याचं तोंड बघवलं नसतं. त्या दिवसापासून शोधाची सूत्रं सईच्या हातात गेली. मी पैसे आणि कागदपत्रं बघायचे, जहाजाच्या पोटात काय आहे ते ती बघायची. तिच्याच सहलीचा नकाशा तिच्या हातात द्यायला मला दोन महिने का लागले, कोण जाणे.

मग तिघांची बैठक झाली, पार्थ फोनवर. ओजसचं मत गेंटिंग ड्रीमला. त्यावर सहा घसरगुंड्या, दोरांवरून चालायचा खेळ, झिपलाइन आणि बोलिंग. स्पेक्ट्रमवर घसरगुंड्या नाहीत, पण फ्लोरायडर आहे: उतारावरून जोरात पाणी वर सोडतात आणि त्या पाण्यावर फळीनं सर्फिंग करायचं. शिवाय काचेच्या नळकांड्यात वाऱ्यावर तरंगायचा आयफ्लाय, समुद्रापासून तीनशे फूट वर जाणारी नॉर्थ स्टार नावाची काचेची कुपी, आणि सीप्लेक्स नावाचं झाकलेलं मैदान, त्यात एका वेळी बंपर कार तर दुसऱ्या वेळी बास्केटबॉल. सईनं जे म्हटलं ते मला आजही पटतं. ती ओजसला म्हणाली, "घसरगुंडी दोन तासांत संपते रे. पाच वेळा घसरलास की झालं. फ्लोरायडरवर तू पहिल्या दिवशी पडणार, दुसऱ्या दिवशी पडणार, तिसऱ्या दिवशी कदाचित उभा राहणार. आणि रांगेत तुझ्याबरोबर पडणारी दुसरी पोरं असतील." न जमणारी गोष्ट चारचौघांत पुन्हा पुन्हा करून बघताना ओळखी होतात, हे मी बँकेत नव्या भरतीच्या मुलांत पाहिलंय, खेळाच्या बाबतीत मला सुचलं नव्हतं. तारखाही स्पेक्ट्रमच्याच जुळत होत्या. ओजस कबूल झाला, पण त्यानं लगेच दुसरा प्रश्न काढला: "त्यावर उंची किती लागते?"

पालथं झोपून लाटेवर जायला बावन्न इंच, उभं राहायला अठ्ठावन्न. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आमच्याकडं मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ओजस चौकटीला पाठ लावून उभा राहिला, टाचा टेकवून, हनुवटी वर न करता, कारण सई तिथं पहारा देत होती. मी डोक्यावर वही आडवी धरून खूण केली. सत्तावन्न. ऑगस्ट चालू होता. "चार महिन्यांत एक इंच वाढेन ना आई?" रोज रात्री झोपताना तो एक पेला दूध प्यायला लागला, जे मी सहा वर्षं मागं लागूनही झालं नव्हतं.

केबिनचं सांगते, कारण यात पैसे आणि शांतता दोन्ही वाचतात. पाच जणांना दोन केबिन लागतात, आणि केबिनमध्ये सहसा एक तरी सज्ञान माणूस नोंदवावं लागतं. आईवडिलांच्या लगतची केबिन असेल तर मुलांना सवलत मिळते. म्हणून मधे दार असलेल्या जोड केबिन घेतल्या. एकीत मंदार आणि दोघं मुलगे, दुसरीत मी आणि सई. 'गॅरंटी' नावाचा स्वस्त दर दिसतो, त्यात केबिनचा नंबर कंपनी शेवटी देते. दोघांना चालेल, मुलं असताना नको. एक केबिन पुढच्या टोकाला आणि एक मागच्या, असं होऊ शकतं. मुलं दिवसातून वीस वेळा टॉवेल, मोजे, चार्जर घ्यायला येतात, म्हणून लिफ्टजवळची पण लिफ्टला लागून नसलेली केबिन बघितली. वर तलावाचा डेक नाही, खाली थिएटर नाही, हे सईनं नकाशे एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात तपासलं. आणि मधला भाग, ओजसच्या मळमळीसाठी.

तिकिटाच्या दराशिवाय बंदराचे कर येतात, आणि नोकरवर्गाची बक्षिसी येते, तेव्हा ती माणशी दिवसाला सोळा ते अठरा डॉलर होती. पाच माणसं, चार रात्री: पंचवीस ते तीस हजार रुपये. हा आकडा आधी धरला नाही तर शेवटच्या दिवशी बिल बघून घरात भांडण ठरलेलं. व्हिसाचं म्हणजे, जहाज सिंगापूर सोडतं आणि तिथंच परत येतं, म्हणून एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा असल्याची खात्री करून घेतली. भारतीयांना थायलंडनं नोव्हेंबरात आणि मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केला, ते आमच्या नशिबाचं. ओजसच्या पासपोर्टवर मात्र मी अडकले असते. त्याच्या वयाच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, दहाचा नाही. त्याचा मार्चमध्ये संपत होता आणि प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात. ऑक्टोबरात नवा काढला. पार्थसाठी ताई आणि भावोजी दोघांच्या सहीचं संमतिपत्र नोटरी करून घेतलं, कारण तो अल्पवयीन आणि आम्ही त्याचे आईवडील नाही. ताईनं ते कुरियरनं न पाठवता पार्थच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात स्वतः शिवून दिलं. तोच कप्पा मला मरीना बेच्या टर्मिनलवर उसवावा लागला.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम सुरक्षेची तालीम. कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कलंडलं तेव्हा नव्यानं चढलेल्या कित्येकांची तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर जहाज सुटायच्या आत किंवा सुटल्याबरोबर ती घेणं जगभर बंधनकारक झालं. प्रत्येकाला जहाजावर सीपास नावाचं कार्ड मिळतं, त्यावर जमायच्या जागेची खूण असते. मी तिघांना त्यांच्या जागेपर्यंत चालत नेलं आणि तिथून केबिनपर्यंत एकट्यानं परत यायला लावलं. पार्थला ते जड गेलं, पण त्यानं केलं. सीपासवरच जहाजातला सगळा खर्च पडतो, म्हणून काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डांना मर्यादा घालून घेतली. व्हिडिओ गेमच्या खोलीत ते कार्ड फिरवलं की पैसे जातात आणि पोरांना ते पैसे वाटतच नाहीत.

आमचे नियम चार ओळींचे होते, आरशावर चिकटवलेले. कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, कुणाला आपल्या केबिनमध्ये आणायचं नाही. कठड्यावर बसायचं नाही. जेवायला रात्री एकत्र. साडेअकराला परत. जहाजाचा स्वतःचा नियम अल्पवयीन मुलांना रात्री एक वाजेपर्यंतचा. तो मी त्यांना सांगितला नव्हता, पण सईनं पहिल्याच दिवशी शोधून काढला. फोन तिघांचेही विमान मोडवर, समुद्रातलं रोमिंग भयंकर महाग पडतं. निरोप म्हणजे आरशाखालची वही: "सीप्लेक्सला आहे, ५.३०". चार दिवसांत ती वही भरत आली.

पहिली रात्र मी विसरणार नाही. मीनलनं बजावलं होतं, क्लबची पहिल्या रात्रीची भेट चुकवू देऊ नकोस. कळप पहिल्या रात्री बनतात आणि दुसऱ्या रात्री त्यात शिरणं अवघड. जेवण झालं. सई म्हणाली, "मी नाही जाणार. मला कुणी ओळखत नाही." ज्या मुलीनं आम्ही सोबत नको म्हणून हे सगळं सुरू केलं, तीच माझ्या खुर्चीला चिकटून बसली होती. मी काही बोलले नाही. पार्थ म्हणाला, "मावशी, मी जातो, बघून येतो," आणि तिथंच उभा राहिला. ओजस उठला. "चला ना, दारापर्यंत तर जाऊ." आम्ही पाचही जण गेलो. दाराशी एक मुलगी उभी होती, कर्मचारी, विशीतली. ती मला हसून म्हणाली, आई-बाबांना इथून पुढं येता येत नाही. किती साधं वाक्य! पण त्या वाक्यानं सईचे खांदे खाली आले, मी बघितलं. आतून टेबल टेनिसचा आवाज येत होता. ओजस शिरला, मग पार्थ, मग सई, मागं वळून न बघता. या वयाच्या मुलांची नोंद करून सोडायची-आणायची गरज नसते, ती आपली येतात-जातात. आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या मार्गिकेत उभे होतो. मंदार म्हणाला, "चल, चहा घेऊ." वर डेकवर वारा होता आणि सिंगापूरचे दिवे मागं राहिले होते.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी केबिनचं कुलूप वाजलं. सई आत आली, सँडल हातात. मी झोपल्याचं सोंग घेतलं नाही, दिवा लावला. ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली आणि एक तास बोलत होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थची एक मुलगी, सिंगापूरच्या दोन तमिळ बहिणी, पुण्याचा एक मुलगा ज्याला तिच्यासारखीच चित्रकलेची आवड. हिमाचलच्या आठ दिवसांत ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती.

पिनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या अगदी कुशीत, स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. तिथं आम्ही पाचही जण बरोबर फिरलो, आर्मेनियन स्ट्रीटच्या भिंतींवरची चित्रं, लिटल इंडियात डोसा. आश्चर्य म्हणजे कुणी कुरकुरलं नाही. संध्याकाळी आपल्या माणसांकडं परत जायचं आहे हे माहीत असलं की मुलं दुपार आईबापाला मोकळ्या मनानं देतात. फुकेतला जहाज पाटोंगसमोर नांगरतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं. सईनं आणि पार्थनं उतरायलाच नकार दिला, जहाज रिकामं झालं की फ्लोरायडरची रांग लहान होते म्हणून. मी दोन मिनिटं विचार केला आणि हो म्हटलं. मंदार त्यांच्यासाठी जहाजावर थांबला, खाली पुस्तक घेऊन. मी आणि ओजस वाळूत नारळपाणी प्यायलो.

आणि ओजसची उंची. तिसऱ्या दिवशी फ्लोरायडरच्या जिन्याशी कर्मचाऱ्यानं त्याला मोजपट्टीजवळ उभं केलं. वरची रेघ त्याच्या केसांच्या टोकाला लागत होती, डोक्याला नाही. त्या माणसानं केस तळहातानं हळूच दाबले आणि मान हलवली. साडेसत्तावन्न. ओजसनं माझ्याकडं बघितलं, डोळे भरलेले. मी काही म्हणणार त्याआधी त्याच्या मागच्या मुलानं, आदल्या दिवशी क्लबात ओळख झालेल्या, त्याला इंग्रजीत सांगितलं की पालथं झोपून जास्त वेगात जाता येतं, मी उभा राहू शकतो तरी मी झोपूनच जातो. ते खरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. दोघं फळी घेऊन गेले. ओजसनं दोन दिवसांत अकरा फेऱ्या केल्या. मोजून सांगतो अजून.

पार्थ अठरा झाला तेव्हा त्याला त्या क्लबातल्या नऊ मुलांचे मेसेज आले, चार देशांतून. आता तो नोकरीला आहे, सई कॉलेजला. क्लबच्या वयाचा आमच्याकडं एकटा ओजस उरलाय, आणि त्याला पुन्हा जायचंय. परवा त्यानं माझं जुनं रजिस्टर मागून घेतलं, नवं पान काढलं, पट्टीनं रकाने आखले. जहाजाच्या नावाचा रकाना त्यानं रिकामा ठेवलाय. पहिल्या रकान्यात त्यानं सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्या लिहिल्यात.